पावणेदोन लाख किलोमीटर फिरलेली गाडी घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न : वाहन

जुन्या मोटारींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर पुष्कळ वाचकांची शंका मुळात तीच आहे.

प्रश्न : मी कराडमध्ये राहतो आणि पाटण तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. येऊन-जाऊन रोज सुमारे साठ किलोमीटर होतात. नवी गाडी परवडणार नाही, म्हणून दोन जुन्या गाड्या पाहिल्या आहेत. एक मारुती सुझुकी डिझायर डिझेल आहे : जानेवारी २०१४ ची नोंदणी, एमएच १४ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर १,७६,००० किलोमीटर, मागणी सव्वातीन लाखांची. दुसरी त्याच वर्षाची डिझायर पेट्रोल, मीटरवर अवघे ५८,००० किलोमीटर, जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे, मागणी पावणेचार लाखांची. माझे मेहुणे म्हणतात की डिझेल गाडी दीड लाखापुढे गेली की इंजिनचे काम निघालेच म्हणून समजावे. त्यांचे ऐकावे का? (एक शिक्षक, कराड)

उत्तर : मेहुण्यांचा हा हिशेब आपल्या वडिलांच्या पिढीतील गाड्यांवरून आलेला आहे आणि तेव्हा तो फारसा चुकीचा नव्हता. आजच्या इंजिनला मात्र दीड लाख किलोमीटर ही आयुष्याची वेस नाही. आपण पाहिलेल्या डिझायरमधील १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटच्या आराखड्याचे असून ते भारतात मारुतीबरोबरच टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही बसत असे. त्यामुळे त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि ते उघडून पाहिलेले मिस्त्रीही भेटतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले असले, तरी हा आधार इतक्यात संपणारा नाही.

आपल्या पत्रातील दोन आकड्यांपैकी मला १,७६,००० चा आकडा खटकला नाही. खटकला तो ५८,००० चा. बारा वर्षांत १,७६,००० म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदा हजार, दिवसाला चाळीस किलोमीटर. नोकरदार माणसाच्या गाडीचा हा अगदी सरळ वापर झाला. याउलट ५८,००० म्हणजे दिवसाला तेरा किलोमीटर. एखाद्या निवृत्त गृहस्थांची गाडी इतकीच फिरलेली असू शकते, परंतु तसे असेल तर त्याचा पुरावा गाडीवर आणि कागदावर दोन्हीकडे दिसला पाहिजे. मीटरचा आकडा मागे नेणे हे पूर्वी काटे फिरवण्याचे काम होते, आता ते लॅपटॉप जोडून काही मिनिटांत होते, आणि फसवणूक करणारा माणूस नेहमी आकडा कमीच करतो. मी स्वतः फार वर्षांपूर्वी ४२,००० किलोमीटर झालेली म्हणून एक गाडी घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात बॉनेटच्या आतल्या बाजूला, धुळीखाली, ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर सापडले. पुढील सर्व्हिस ९०,००० किलोमीटरला करावी, असे त्यावर पेनाने लिहिलेले होते.

जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर विसंबत नाही; जबडा उघडून आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे तो स्वतः पाहतो. गाडीलाही असे दात असतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टेअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ आणि चालकाच्या सीटची दाराकडील कड हे भाग पन्नास-साठ हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होत नाहीत. ते झालेले असतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे बाकी गाडी जुनी असताना तेवढेच भाग नवेकोरे असतील, तर मीटरकडे पुन्हा पाहावे. टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ५८,००० किलोमीटर झालेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले, तर मालकाला त्याचे कारण विचारावे. स्टेपनीचा टायर बहुधा गाडीबरोबरचाच असतो, त्यामुळे त्याच्या तारखेवरून गाडीच्या तारखेचा मेळ घालता येतो.

तथापि खरा निवाडा सर्व्हिसच्या कागदांवर होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक खेपेस किलोमीटरची नोंद होते आणि मालकाने स्वतः मागितल्यास जुन्या जॉबकार्डांची, म्हणजे झालेल्या कामांच्या नोंदींची, यादी बहुधा मिळते. ती दाखवायला जो मालक टाळाटाळ करतो, त्याच्याशी किमतीची बोलणी सुरूच करू नयेत. डिझेल गाडीच्या बाबतीत ही यादी आणखी एका कारणासाठी हवी. या इंजिनमध्ये टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवण्यासाठी, पट्टा नसून साखळी आहे. ती दीर्घकाळ टिकते, पण वेळच्या वेळी चांगले ऑइल मिळाले तरच. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलले असेल, तर आतापर्यंत सतरा वेळा बदललेले असायला हवे. त्यांपैकी बारा-तेरा खेपांच्या पावत्या मिळाल्या, तरी माझे समाधान होईल. चार-पाचच मिळाल्या आणि बाकीचे काम ‘ओळखीच्या गॅरेजमध्ये’ झाले असे सांगितले गेले, तर ही गाडी ५८,००० वालीपेक्षाही अधिक जोखमीची समजावी.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण येण्यापूर्वी ती चालू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावावा. ते कोमट लागले, तर आपल्यासाठी आधीच तयारी झालेली आहे. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात चालू झाले पाहिजे. सुरुवातीची दोन-तीन सेकंदे आतून खुळखुळ ऐकू आली आणि मग थांबली, तर साखळी किंवा तिला ताण देणारा टेन्शनर झिजल्याची शंका घ्यावी. धुराचा रंग पाहावा : निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत जात असल्याचा संशय, आणि रेस दिल्यावर येणारे काळे लोट म्हणजे इंधन फवारणारे इंजेक्टर, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो किंवा हवेच्या मार्गाचे दुखणे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडले असता किंचित वाफ येणे चालते. पण भकभक धूर येत असेल आणि झाकण वर ठेवले तर ते उडू लागत असेल, तर गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारत आहे आणि तेथे मेहुण्यांचे म्हणणे खरे ठरते. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर पुढे काहीही पाहू नये.

चढावरच्या चाचणीसाठी आपल्याला लांब जायला नको; पाटणच्या पुढे कुंभार्ली घाट आहेच. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपलेली आहे. टर्बोची शीळ मोठी येते का, खड्ड्यातून जाताना पुढून ठकठक ऐकू येते का, उताराला ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरते का, याकडे लक्ष द्यावे. क्लच आणि लोअर आर्म, बुश, लिंक रॉड या चाकांच्या जोडणीतील भागांची कामे या वयाच्या गाडीला निघणारच. ती दिसली म्हणून गाडी नाकारू नये. किमतीतून वजा करावीत. हे सर्व पाहण्यासाठी आपल्या विश्वासातील मिस्त्री बरोबर न्यावा, त्याला दिवसाची मजुरी द्यावी, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही एवढी खात्री करून घ्यावी.

आता पैशांकडे वळू. शाळेचे दिवस आणि इतर प्रवास मिळून आपले वर्षाला अठरा हजार किलोमीटर होतील असे धरतो. डिझेल गाडी लिटरला अठरा आणि पेट्रोल गाडी पंधरा किलोमीटर देते, डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे, असे मानले तर डिझेलचा वर्षाचा खर्च ९०,००० आणि पेट्रोलचा सुमारे १,२५,००० येतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि २०१४ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. निती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच, दहा टक्के मिश्रणापर्यंत जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे डिझेलमध्ये आपले वर्षाला पस्तीस हजार किंवा थोडे अधिक वाचतील. ही रक्कम मोठी आहे. पण टर्बो किंवा चार इंजेक्टर यांपैकी एकाचे जरी काम निघाले, तरी वर्षाची बचत त्यात जाऊ शकते. म्हणून डिझेल गाडी घेताना पहिल्या वर्षासाठी सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवावेत आणि गाडीची किंमत तेवढ्याने वाढली असे समजूनच बोलणी करावीत.

दोन्ही गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते, परंतु जुन्या गाड्यांबाबतचे नियम सैल होत नसून घट्ट होत आहेत. तेव्हा हातात निश्चित अशी तीनच वर्षे आहेत असे धरून भाव ठरवावा. सव्वातीन लाख मला जास्त वाटतात. कागद पूर्ण असतील आणि मिस्त्रीने गाडी पास केली, तर पावणेतीन लाखांपर्यंत डिझेल गाडी घ्यावी, असे माझे मत आहे. ५८,००० किलोमीटरची पेट्रोल गाडी व्यापाऱ्याने जॉबकार्डांनिशी सिद्ध केली, तर तीही चांगलीच आहे; मात्र ती रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने घ्यावी, आपल्यासारख्याने नव्हे.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो, तसाच येथेही पाहावा. आरसीवर बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चॅसिस क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावा, थकीत ई-चलने विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत, आणि गाडी २०१४ ची असल्याने उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे ना, हेही पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती महाराष्ट्रात बंधनकारक झाली आहे. विमा पॉलिसीवरील नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा बोलका असतो. तो क्लेम नसलेल्या प्रत्येक वर्षानंतर २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. चार-पाच वर्षांपासून गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्या पॉलिसीवर तो शून्य दिसला, तर बहुधा पॉलिसी मधल्या काळात खंडित झालेली असते, किंवा मागच्याच वर्षी कशाचा तरी क्लेम घेतलेला असतो. तो कशाचा, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच बदलून घ्यावे. कायद्याने घेणाऱ्याला त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे, पण विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदाच दिवस असतात.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचा द्राक्षांचा व्यवसाय आहे आणि कुटुंब मोठे आहे. २०१२ ची टोयोटा इनोव्हा, २.५ लिटर डिझेल, पाच लाखांत मिळत आहे. ती पूर्वी पर्यटन परवान्यावर होती, आता खासगी झाली आहे. मीटरवर २,६४,००० किलोमीटर आहेत. इनोव्हा पाच लाख किलोमीटर सहज जाते असे सगळेच सांगतात. घ्यावी का?

उत्तर : सगळे सांगतात ते या गाडीच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. चॅसिसवर बांधलेली, मागच्या चाकांना ओढ असलेली ही गाडी नीट सांभाळली तर फार लांब जाते. माझी हरकत वेगळीच आहे. पर्यटन परवान्यावरची गाडी वर्षाला पन्नास-साठ हजार किलोमीटर सहज फिरते. आपण पाहिलेली गाडी किती वर्षे परवान्यावर होती ते आरसीवरून आणि जुन्या परवान्यावरून काढावे. ती पाच वर्षे जरी धंद्यावर असेल, तरी २,६४,००० हा आकडा एवढ्या पाच वर्षांतच भरतो. मग पुढची इतकी वर्षे ती उभीच होती काय? खासगी पाटी लागण्यापूर्वी दर वेळी फिटनेस तपासणीसाठी गेलेल्या गाडीच्या मालकाकडे काही ना काही कागद असतातच, ते मागावेत.

दुसरी गोष्ट टायमिंगच्या पट्ट्याची. डिझायरच्या इंजिनमध्ये साखळी आहे असे वर लिहिले. इनोव्हाच्या या इंजिनमध्ये पट्टा आहे आणि तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. पट्टा बदलण्याची आठवण देणारा दिवा डॅशबोर्डवर असतो, परंतु पट्टा न बदलताही तो दिवा विझवता येतो, म्हणून दिव्यावर न जाता पावती पाहावी. पावती नसेल, तर गाडी घेतल्यावर पहिले काम तेच करावे आणि त्याचा खर्च किमतीतून कापून घ्यावा. रॅम्पवर चढवून चॅसिसला कोठे वेल्डिंग केले आहे का, हेही पाहावे. मालवाहतुकीइतक्या ओझ्याने आणि घाटरस्त्यांनी वाकलेल्या गाड्या सरळ करून विकल्या जातात. २०२७ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतात, हे लक्षात घेता पाच लाख मी देणार नाही. त्याहून दोन-तीन वर्षांनी अलीकडची, पहिल्या मालकाकडची, तीन लाख किलोमीटर झालेली गाडी साडेसहा लाखांत मिळाली, तर ती मला या गाडीपेक्षा स्वस्त वाटेल.

प्रश्न : इचलकरंजीतील एका ओळखीच्या एजंटकडे २०१७ ची गाडी आहे, फक्त ४१,००० किलोमीटर झालेली, आणि बाजारभावापेक्षा लाखभर रुपयांनी कमी. सीट कव्हर आणि मॅटिंग एकदम नवे आहे. मिस्त्रीला मात्र ‘वास’ येतो आहे. वासावरून गाडी सोडावी का?

उत्तर : सोडावी, किंवा निदान मॅटिंग उचलून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. हा वास पुराच्या पाण्याचा असू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या पुरात, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आपल्या भागात तसेच महाड-चिपळूणकडे असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेली गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते आणि त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. अशा गाडीचे किलोमीटर कमी असतात, यात नवल काहीच नाही. ती उभीच असते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण धुताना त्याच्या गुंडाळीतला गाळ तसाच राहतो. सीटखालचे रूळ, त्यांचे बोल्ट आणि स्टेपनीचा खळगा यांवर आतून आलेला गंज दिसतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या जोडांना बोट लावावे. तेथे पिठासारखी माती लागली, तर आणखी विचार करण्याचे कारण नाही. इंजिन बदलता येते, दुरुस्तही होते. पण पाणी शिरलेले वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वर्ष-दोन वर्षांनी एकेक करून दगा देऊ लागतात, आणि नेमका कोणता जोड बिघडला हे शोधण्यातच मिस्त्रीचे दिवस आणि आपले पैसे जातात. मागील वर्षांच्या विमा पॉलिसी मागितल्या असता एजंटने ‘त्या कशाला?’ असे विचारले, तर उत्तर मिळाले असे समजावे. लाखभर रुपयांची ही सूट तो आपल्याला देत नाही. पुढच्या दुरुस्तीचे बिल आपल्या नावावर लावत आहे.

प्रश्न : पिंपरीत कंपनी फिटेड सीएनजी वॅगन आर, २०१६ ची, १,४०,००० किलोमीटर. काय पाहावे?

उत्तर : इंजिनच्या बाबतीत वर लिहिलेले बहुतेक सर्व काही येथेही लागू आहे. शिवाय इंजिन सीएनजीवर आणि पेट्रोलवर असे दोन्ही प्रकारे चालवून पाहावे. फक्त गॅसवर धावलेल्या गाडीचा पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर न वापरून आखडलेले आढळतात. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख डिकीतील टाकीच्या पट्टीवर असते आणि प्रमाणपत्र मालकाकडे असते. मुदत संपलेली असेल, तर पंपावर गॅस नाकारला जातो, त्यामुळे टेस्ट विकणाऱ्याने करून द्यावी, अशी अट घालावी. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसह सीएनजी लिहिलेले आहे का, हे पाहायला विसरू नये. ते नसेल, तर किट बाहेरून बसवलेले आहे आणि ‘कंपनी फिटेड’ हे विकणाऱ्याचे म्हणणे तेवढ्यावरच खोटे ठरते.